नितळ महाराजांची नळी

माझ्या पुतणीचं लग्न एकदा ठरून मोडलं आणि पुन्हा त्याच मुलाशी ठरलं, त्या वर्षीची ही गोष्ट. मोडलं तेव्हा तिचे वडील, म्हणजे माझे धाकटे दीर, कुणाशी चकार शब्द बोलले नाहीत. पुन्हा ठरलं तेव्हा मात्र हसत म्हणाले, "वहिनी, पहिल्या धुण्यात डाग गेला नाही म्हणून आपण कपडा फेकतो का? पुन्हा घालतो हौदात." या मोडण्या-ठरण्याच्या मधल्या दिवसांत आमच्या गल्लीच्या मागे, फर्निचरच्या रिकाम्या गोदामात, नितळ महाराज उतरले.

गोदामाच्या दारापासून थेट बेकरीपर्यंत माणसांची रांग लागायची. कुणी काठी टेकत, कुणी मुलाच्या खांद्याला धरून. काही तर अगदी धडधाकट, नुसती खात्री करून घ्यायला आलेले. आत गेलेला माणूस बाहेर आला की रांगेतले त्याला विचारायचे, "झाली का नितळ?" आणि तो मान हलवायचा, की लगेच रांगेत समाधानाची कुजबुज. नितळ व्हायची ती किडनी. महाराज म्हणे शरीराला हात न लावता, डोळ्यांदेखत, किडनीतला गाळ काढून दाखवत.

आमची लॉन्ड्री. माझे यजमान गेल्यावर ती दीर आणि मी मिळून चालवत होतो. दवाखान्यांच्या चादरी, डॉक्टरांचे कोट, हॉटेलांचे टेबलक्लॉथ असं मोठं काम. कामाची वाटणी ठरलेली होती. पाणी बघायचं भाऊजींनी, कापड बघायचं मी. शेवटच्या खंगाळण्याचं पाणी ते काचेच्या ग्लासात घेत आणि खिडकीशी धरत. ग्लासातून समोरच्या भिंतीची वीट स्वच्छ दिसली, की माल झाला. ग्लासशिवाय त्यांचं पान हलत नसे. मग वाळलेली चादर माझ्याकडे यायची. मी ती उजेडासमोर ताणून धरायची, म्हणजे कुठे सूत विरलंय ते दिसे, आणि भोक पडायच्या आधीच तिथे रफू करता येई. धुतलेली चादर हातात घेतली तर सगळ्या सारख्याच वाटतात. विरलेली चादर फक्त उजेडात कळते.

भाऊजींना साखरेचा आजार बरीच वर्षं होता. गोळ्या घेत, अधूनमधून गोड चोरून खात आणि पकडले गेले की म्हणत, "मी खाल्लं नाही, ते आपणहून आत गेलं." महाराज यायच्या थोडं आधी त्यांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताच्या तपासण्या केल्या. त्यांच्या दवाखान्याचे कोट आमच्याकडेच धुवायला यायचे, त्यामुळे त्या घरच्यासारख्याच. किडनीची नेहमीची तपासणी, क्रिएटिनिनची, ठीक आली. पण बाईंनी या खेपेला रक्ताची दुसरीही एक तपासणी करून घेतली होती, सिस्टॅटिनची, आणि लघवीचीही बारीक तपासणी. त्या दोन्ही ठीक नव्हत्या.

पुतणी लहान असताना तिच्या शेजारी बसून मी अक्षरं शिकले होते, त्यामुळे ते कागद मी सावकाश का होईना, वाचले. बाई म्हणाल्या, "आत्ताच कळलंय हे चांगलं झालं. किडनीला धक्का बसायला सुरुवात झालीय, पण सुरुवातच आहे. गोळी बदलते, मीठ कमी करा, आणि तीन महिन्यांनी परत या. चुकवायचं नाही."

"पण बाई, मला तर काहीच होत नाही," भाऊजी म्हणाले. "दुखत नाही, खुपत नाही."

"सुरुवातीला दुखत नाहीच. म्हणून तर तपासायचं."

घरी आल्यावर त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी मांडले. म्हणाले, "एक कागद म्हणतो बरं आहे, दुसरा म्हणतो बिघडलंय. एकाच माणसाचं एकाच दिवशीचं रक्त. आता यातलं खोटं कोण बोलतंय?" त्यांचा प्रश्न साधा होता. तो बाईंना जाऊन विचारायचा राहून गेला. मुलीचं लग्न मोडलं ते त्याच आठवड्यात. घरात दुसरं काही सुचत नव्हतं.

माझी धाकटी जाऊ, म्हणजे भाऊजींची बायको, बेकरीवाल्याकडून महाराजांची कीर्ती ऐकून आली. आम्ही तिघं गेलो.

दारात पांढऱ्या कपड्यांतल्या बाया प्रत्येकाच्या हातात मोठा ग्लास भरून पाणी देत होत्या. हे स्वागताचं पाणी, पूर्ण प्यायचं, अशी ताकीद. मी एक घोट घेतला. जरा खारट, जिभेला बुळबुळीत. उरलेलं मी खाली ठेवलं तर एक बाई म्हणाली, "मावशी, श्रद्धा अर्धी ठेवू नका." मी म्हटलं, "तहानच अर्धी आहे." माझ्या जावेने मला कोपराने ढोसलं आणि भाऊजींनी स्वतःचा ग्लास संपवून माझाही संपवला.

मग प्रवचन. ते बरंच लांबलं. महाराज गुळगुळीत दाढी केलेले, गोड आवाजाचे. म्हणाले, "डॉक्टर रक्त तपासतात. अहो, रक्त म्हणजे घरातला माणूस. घरातला माणूस घरचं भांडण बाहेर सांगेल का? झाकूनच ठेवणार. एकदा हो म्हणणार, एकदा नाही म्हणणार. लघवीचं पाणी मात्र घर सोडून बाहेर पडलेलं. बाहेर पडलेला सगळं सांगून टाकतो." लोक हसले. भाऊजी हसले नाहीत, पुढे सरकून बसले. त्यांच्या मनातला प्रश्न कुणीतरी बोलून दाखवला होता. "यंत्राला तुमचं दुःख कळतं का?" महाराजांनी विचारलं. सगळे म्हणाले, नाही. यंत्राला दुःख कळत नाही हे खरंच. वजनकाट्यालाही कळत नाही, म्हणून बेकरीवाला काही हाताने मैदा तोलत नाही.

प्रवचन झाल्यावर एकेकाने मागच्या मोरीत जाऊन काचेच्या नळीत लघवी आणायची. महाराज नळी स्पिरिटच्या दिव्यावर तिरकी धरत आणि वरचा भाग तापवत. बघता बघता आत दुधासारखा ढग उठायचा. "हा गाळ," महाराज म्हणत, "कित्येक वर्षांचा." मग निळ्या बाटलीतले थेंब. गुलाबाचा वास दरवळायचा, नळीत बारीक बुडबुडे यायचे. "बघा, रोग पळतोय." आणि ढग विरून जायचा. नळी पुन्हा नितळ. एका बाईला रडू कोसळलं. तिच्यामागचा माणूस आपली नळी छातीशी धरून उभा होता, जसं काही तान्हं मूल.

भाऊजींचा नंबर आला. ढग उठला, बुडबुडे आले, ढग गेला. त्यांनी महाराजांच्या हातातून नळी घेतली आणि सवयीने खिडकीशी नेली. एक डोळा मिटून पाहिलं.

"वहिनी," ते म्हणाले, "पलीकडची वीट दिसते."

त्या क्षणी मला कळलं की आता हे माझं ऐकणार नाहीत. सगळं आयुष्य ज्या एका खुणेवर माल पास केला, तीच खूण त्यांना महाराजांनी हातात दिली होती.

गोळ्या बंद झाल्या. औषध म्हणजे गाळावर गाळ, असं महाराजांचं म्हणणं. गोळ्यांचा डबा भाऊजींनी इस्त्रीच्या टेबलावर आणून ठेवला आणि कपड्यांतून निघालेली बेवारशी बटणं त्यात टाकायला सुरुवात केली.

"भाऊजी, निदान बाईंना विचारून तरी बंद करा."

"विचारलं तर त्या नको म्हणतील."

"मग?"

"मग कशाला विचारू?"

जाऊ मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, तुम्ही त्यांच्या मागे लागू नका. लग्न मोडल्यापासून पहिल्यांदा ते नीट जेवतायत. मला तो कागद नको, मला हे हवंय." ती चुकीचं बोलत होती, पण तिच्या डोळ्यांकडे बघून मी डबा होता तिथेच राहू दिला.

दर आठवड्याला ते गोदामात जात, ग्लासभर पाणी पीत, नळी नितळ करून येत. लग्न पुन्हा ठरलं तेव्हा तेही महाराजांच्याच नावावर जमा झालं. तीन महिन्यांनी बाईंकडे जायचं होतं, ते गेले नाहीत. बाईंनी कोट घ्यायला आलेल्या माणसाबरोबर दोनदा निरोप पाठवला. भाऊजी म्हणाले, "सांग, माल पास झालाय."

मग सकाळी त्यांचा चेहरा सुजलेला दिसायला लागला. लग्नासाठी घेतलेले बूट दुकानात बरोबर बसले होते, ते महिन्याभरात चढेनात. "चामडं आकसलं," ते म्हणाले. पुतणीने बूट हातात घेऊन फिरवून पाहिले आणि माझ्याकडे पाहिलं. "काकू, चामडं घरात बसून आकसतं?"

आणि एक दिवस ते गोदामातून आले ते पांढरे पडून. नळी नितळ झाली नव्हती. महाराजांनी थेंब टाकले, पुन्हा टाकले, ढग तसाच. मग महाराजांनी सगळ्या गर्दीसमोर डोळे मिटून सांगितलं, "याच्या घरात एक शंका राहते. बाईमाणूस आहे. वयस्क आहे. ती शंका इथे येऊन वाकली, की गाळ सुटेल."

संध्याकाळपर्यंत गल्लीत सगळ्यांना ती शंका कोण ते कळलं होतं. बेकरीवाला मला पाव देताना म्हणाला, "काकू, वय झालं तुमचं. एकदा वाकलात तर काय बिघडेल?"

"कंबर बिघडेल," मी म्हटलं आणि पाव घेऊन निघाले.

घरी भाऊजी माझ्यासमोर येऊन बसले. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. "वहिनी, मला पोरीच्या लग्नात उभं राहायचंय. तुम्ही एकदा चला. माझ्यासाठी."

मी म्हटलं, "येईन. सगळ्यांसमोर वाकेन. पण आधी डॉक्टरीणबाईंना अशीच काचेची नळी घेऊन आपल्याकडे येऊ दे. त्यांच्यादेखत जे दिसेल ते तुम्ही मान्य करायचं, मी मान्य करायचं."

ते हो म्हणाले.

मी बाईंकडे गेले आणि पाहिलेलं सगळं सांगितलं. ढग, गुलाबाचा वास, बुडबुडे. त्यांनी विचारलं, "आत जाताना काही खायला-प्यायला देतात का?" मी स्वागताच्या पाण्याबद्दल सांगितलं, बुळबुळीत खारट चवीबद्दल. बाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि हे पाणी ते दर आठवड्याला पितात? सुजलेल्या अंगाने?" त्या उठल्याच. "रविवारी येते. घरात खायचा सोडा आणि व्हिनेगर असू द्या."

रविवारी दुपारी लॉन्ड्री बंद होती. भाऊजी, जाऊ, पुतणी आणि मी होतो. बेकरीवाल्याला मी मुद्दाम बोलावलं होतं, कारण गल्लीत महाराजांचा त्याच्याएवढा भक्त दुसरा नव्हता, आणि त्याने पाहिलं की सगळ्यांना कळणार होतं. बाईंनी त्याची तब्येत विचारून घेतली आणि आधी त्याचीच नळी मागितली. तापवली. काही झालं नाही, नळी स्वच्छ.

"बघा, महाराजांची कृपा," तो म्हणाला.

"असेल. आता हे प्या." बाईंनी त्याला ग्लास दिला. पहिल्या घोटाला तो थांबला, जीभ टाळ्याला लावून पाहिली. "स्वागताचं पाणी," तो म्हणाला. मग चेहरा पडला. "हा तर सोडा आहे. माझ्या बेकरीतला."

"मग तिथे ओळखला कसा नाहीस रे?" जाऊने विचारलं.

"तिथे कोण चव घेतंय वहिनी, तिथे श्रद्धा घेतली."

आम्ही चहा प्यायलो, लग्नाच्या गप्पा ओढूनताणून मारल्या. वेळ जाऊ दिला, गोदामातल्या प्रवचनासारखाच. मग बाईंनी बेकरीवाल्याला पुन्हा नळी भरून आणायला सांगितली. दिव्यावर धरली आणि आत दुधासारखा ढग उठला. बाईंनी जावेच्या स्वयंपाकघरातलं व्हिनेगर थेंब थेंब टाकलं. बुडबुडे आले. ढग गेला.

"गाळ वगैरे काही नाही," बाई म्हणाल्या. "लघवीत क्षार सगळ्यांच्याच असतात. सोडा प्यायला की ते तापवल्यावर असे पांढरे होऊन दिसतात. आंबट टाकलं की विरघळतात. बुडबुडे सोड्याचे, गुलाबाचा वास व्हिनेगर झाकायला. महाराज आधी ढग पाजतात आणि मग काढतात."

बेकरीवाला नळीकडे बघत राहिला. "म्हणजे मी आतून केक झालो होतो," तो म्हणाला. कुणीच हसलं नाही, त्यालाही हसू आलं नाही.

भाऊजी उठले. "आता माझी."

"तुमची दवाखान्यात करू," बाई म्हणाल्या.

"इथेच. मी सोडा प्यायलेलो नाही. काल नाही, आज नाही. करा."

ते नळी घेऊन आले. बाईंनी तापवली. ढग उठला, बेकरीवाल्याच्या ढगापेक्षा दाट. बाईंनी व्हिनेगर टाकलं. बुडबुडा एकही नाही. आणखी टाकलं. ढग जागचा हलला नाही. भाऊजींनी नळी घेतली आणि खिडकीशी गेले. एक डोळा मिटला. आम्हाला त्यांची फक्त पाठ दिसत होती.

"वहिनी," ते म्हणाले, "वीट दिसत नाही."

जाऊ म्हणाली, "बाई, अजून थोडं टाका ना. थोडंसं."

बाईंनी बाटली बंद केली. "ताई, अंड्याचा पांढरा भाग एकदा शिजला की पुन्हा पातळ होतो का? हे तसं आहे. हे रक्तातलं प्रथिन आहे. किडनी ही गाळणी. प्रथिन आत अडवणं तिचं काम. गाळणी फाटली की ते गळून बाहेर येतं." मग भाऊजींना म्हणाल्या, "त्या दिवशी गोदामात जी एक नळी नितळ झाली नाही, तेवढी एकच खरं बोलत होती. त्याचं खापर त्यांनी तुमच्या वहिनींवर फोडलं."

"मग पहिल्या दिवशी माझी नितळ कशी झाली? तुम्ही तर तेव्हाच म्हणाला होतात, बिघडलंय."

"तेव्हा गळती इतकी थोडी होती की असल्या नळीला ती कळणारच नव्हती. त्याला बारीक तपासणी लागते. आणि तुम्ही विचारलं होतंत ना घरी, दोन कागदांतला खोटा कोण? वहिनींनी सांगितलं मला. खोटा कुणीच नाही. क्रिएटिनिन उशिरा बोलतं. किडनीचं बरंच काम कमी झालं तरी ते कितीदा ठीकच दिसतं. सिस्टॅटिन बऱ्याचदा त्याच्या आधी वाढायला लागतं. एकट्या आकड्यावर मीही विसंबत नाही, पण लघवीची तपासणीही तेच सांगत होती. तेव्हा गोळ्यांनी हे खूप वर्षं लांबवता आलं असतं."

भाऊजी खिडकीतून वळले. दोरीवर माझ्या रफूच्या चादरी होत्या. त्यातली एक त्यांनी ओढली, दोन्ही हातांनी उजेडासमोर ताणली, मी धरते तशी. मधोमध सूत विरलं होतं, त्यातून उजेड ठिपक्या-ठिपक्यांनी येत होता.

"म्हणजे चादर विरत होती," ते म्हणाले, "आणि मी पाणी बघत बसलो."

पुतणी त्यांच्याजवळ गेली आणि चादरीचं एक टोक तिने धरलं. घडी घालायची होती असं नाही.

दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. या खेपेला दोन्ही आकडे एकच बोलत होते, बिघडलंय.

बेकरीवाला सोड्याचा डबा काखेत मारून गोदामात गेला आणि गर्दीसमोर म्हणाला, "महाराज, आज स्वागताचं पाणी न पिता आलोय. तापवा माझी नळी, दाखवा गाळ." महाराज म्हणाले, आज मुहूर्त नाही. त्या आठवड्यात मुहूर्त आलाच नाही, आणि पुढच्या आठवड्यात गोदाम रिकामं झालं. त्यांना शिक्षा झाली असं लिहायला मला आवडलं असतं. ते दुसऱ्या गावी गेले, एवढंच कानावर आलं. गल्लीतल्या काही जणांनी अजून मला माफ केलेलं नाही. त्यांची नळी नितळ होत होती आणि ती मी बंद पाडली, असं त्यांना वाटतं.

त्यांना आणि वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. जो कुणी आधी काही पाजून मग चमत्कार दाखवतो, त्याला न पिता दाखवायला सांगा. चमत्कार फसला आणि त्याने तुमच्या घरातल्या कुणाकडे बोट दाखवलं, तर तिथून उठा. साखरेचा आजार असेल तर काही दुखत नसतानाच रक्त आणि लघवी तपासून घ्या, डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासा, आणि दोन कागद जुळले नाहीत तर ज्याने तपासलं त्यालाच जाऊन विचारा. आमच्या घरात तो प्रश्न विचारायचा राहिला.

भाऊजी लग्नात उभे राहिले. बूट चढले नाहीत, चपला घालून उभे राहिले. पुढे आठवड्यातून तीन दिवस यंत्रावर रक्त धुवायला जाऊ लागले. पहिल्या दिवशी त्या यंत्राच्या नळ्या बघून म्हणाले, "वहिनी, शेवटी मीच लॉन्ड्रीत आलो." बटणांचा डबा त्यांनी रिकामा केला आणि त्यात पुन्हा गोळ्या ठेवल्या. एकही चुकवली नाही.

पुतणीचा मुलगा धरून धरून चालायला लागला त्या हिवाळ्यात, एका मंगळवारी सकाळी, माझे धाकटे दीर दवाखान्यात वारले. वय एकोणसाठ.